निलगिरी, दोर आणि मामांचे हात

दोराच्या बाबतीत मामांना शिकवायला जाऊ नये, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. कारण मामांनीच ते सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं! नाट्यगृहात पडदा ओढण्याची एकतीस वर्षं नोकरी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी तळहातावरचे घट्टे तसेच. कुणी नुसतं "काय मामा, कसं काय?" विचारलं, की मामा दोन्ही तळवे त्याच्या नाकासमोर धरत. "हे बघा! असा हात दुसरा दाखवा आणि मग बोला!"

मग व्याख्यान सुरू व्हायचं. "पडदा पाडायला अक्कल लागते. टाळ्या सुरू झाल्या रे झाल्या, की पडदा खाली आला पाहिजे. टाळ्या संपल्यावर आला, तर पडदा नाही, नाटक पडलं! एकतीस वर्षांत माझा हात एकदाही उशिरा सुटलेला नाही."

मामांचं हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागेल.

तर मामांच्या परसात एक निलगिरी होती. चांगली तीन मजली उंच, निम्मी वाळलेली, आणि सगळा भार मामींच्या शिलाईच्या खोलीवर टाकून उभी. मामी त्या खोलीत अठरा वर्षं कपडे शिवत होत्या. निम्म्या गल्लीची मापं त्यांना तोंडपाठ होती. मागच्या वादळात एक फांदी कौलं फोडून आत आली ती मशीनपासून वीतभर अंतरावर पडली. मामी तेव्हा सुईत दोरा ओवत होत्या म्हणून खाली वाकलेल्या नव्हत्या, एवढंच नशीब.

"झाडाचं बघतो," असं मामा दोन वर्षं म्हणत आले होते. वादळानंतर मामींनी त्यांची वाट बघणं बंद केलं.

"रविवारपर्यंत झाड गेलं पाहिजे. नाहीतर मी मशीन घेऊन बहिणीकडे जाते. कायमची!"

"त्यात काय! मीच चढतो. एक दोर दे फक्त!"

मामींनी आधी झाडाकडे पाहिलं, मग मामांकडे. "मागच्या महिन्यात माळ्यावर चढलात, तेव्हा उतरवायला शेजारच्या हेडमास्तरांना बोलवावं लागलं होतं."

विषय तिथेच मिटला, आणि शनिवारी सकाळी झाडवाल्या ताई आल्या.

ताई म्हणजे चाळिशीच्या, काटक बाई. त्यांच्यामागे तीन दोरखंडांची वेटोळी खांद्यावर घेऊन त्यांचे यजमान. मामांनी यजमानांना आदरानं विचारलं, "चढणार तुम्ही ना?" यजमानांनी काही न बोलता अंगठा बायकोकडे केला.

ताई लगेच चढल्या नाहीत. तासभर त्या नुसत्या बघत होत्या! झाडाभोवती तीन फेऱ्या मारल्या. लाकडी हातोडीनं बुंध्यावर ठोकून कान लावला. "इथे पोकळ वाजतंय. वरची डावी फांदी मेलेली, तिला दोर लावायचा नाही. उजवी जिवंत आहे, कप्पी तिलाच." घरावरून गेलेली विजेची तार बंद करवून घेतली, आणि बंद झाल्याची स्वतः खात्री केली. शिलाईची खोली रिकामी करवली. मशीन हेडमास्तरांच्या व्हरांड्यात गेलं.

"खिडकीची तावदानं आतल्या बाजूला उघडून ठेवा, म्हणजे काच वाचेल," ताई म्हणाल्या.

"आणि पडदाही काढा हो," मामी म्हणाल्या. "कधीची सांगतेय, धुवायचाय."

"आत्ता? आत्ता केवढं काम आहे इथे!" मामा म्हणाले. तेव्हा ते कमरेवर हात ठेवून नुसते उभे होते.

मग ताईंनी परसात लाल दोरी बांधून एक मोठा चौकोन आखला. "याच्या आत मी सांगेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही. घरमालकानंसुद्धा नाही. घरमालकानं तर मुळीच नाही!"

मामांना हे फार आवडलं. रंगमंचावर नको तो माणूस घुसला की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत!

आणि इथे माशी शिंकली. ताईंचा तिसरा माणूस दाढ सुजल्यामुळे येणार नाही, असा निरोप आला. यजमान मुख्य दोर सांभाळणार, पण कापलेली फांदी खोलीपासून दूर ओढून धरायला दुसरा दोर लागतो. तो कोण धरणार?

"मग आज नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "चार दिवसांनी येऊ. माणूस कमी असताना मी घराजवळचं झाड कापत नाही."

मामांनी वळून पाहिलं. मामी आतल्या खोलीत बॅग शोधत होत्या!

"ताई, अहो, मी आहे ना! एकतीस वर्षं दोर ओढलाय! हे बघा हात!"

ताईंनी हात पाहिले. मग खालच्या एका फांदीला कप्पी लावली, दोराला काठोकाठ भरलेली पाण्याची बादली बांधली आणि म्हणाल्या, "वर न्या. खाली आणा. थेंब सांडला तर मी घरी जाते."

मामांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. बादली वर गेली. थांबली. खाली आली आणि जमिनीवर अशी टेकली, की पाण्यालासुद्धा कळलं नाही! अहो, ज्या माणसानं पुठ्ठ्याचा चंद्र तीनशे प्रयोगांत एकदाही न हलवता वर चढवला होता, त्याला बादलीचं काय!

"हात चांगला आहे," ताई म्हणाल्या. मामींनी आयुष्यात जेवढं कौतुक केलं नसेल, तेवढं या तीन शब्दांत झालं. "पण ऐका. हेल्मेट घालायचं, हातमोजे घालायचे, दोर हाताला गुंडाळायचा नाही, आणि फक्त माझा आवाज ऐकायचा. दुसरं काही ऐकायचं नाही."

"ताई, रंगमंचामागे मी दुसरं काय केलं!" मामा छाती फुगवून म्हणाले.

मग काम सुरू झालं, आणि काय काम हो! ताईंनी बारीक दोरी बांधलेली एक वजनदार पिशवी भिरकावली, ती पहिल्याच फटक्यात उंचावरच्या बेचक्यातून पलीकडे! त्या दोरीनं जाड दोर वर ओढून घेतला. त्याला आधी नवराबायको दोघं मिळून लोंबकळले, झाड कुरकुरतंय का ते ऐकलं, आणि मगच ताई वर निघाल्या. आपण जिना चढतो तितक्या सहज! वर पोचल्यावर करवत हातात घ्यायच्या आधी त्यांनी कमरेचा दुसरा पट्टा खोडाभोवती घातला.

"एक दोर आहे की! दुसरा कशाला?" मामांनी खालून विचारलं.

"करवतीला दोर कुठला आणि फांदी कुठली, ते कळत नाही, मामा!"

प्रत्येक वेळी वरून हाक यायची, "खाली मोकळं?" यजमान चौफेर बघायचे आणि म्हणायचे, "मोकळं!" त्याशिवाय करवत लाकडाला लागत नव्हती. सकाळपासून यजमान बोललेला हा एकच शब्द. यजमानांच्या हातातला दोर कप्पीतून येऊन बुंध्याला तीन वेढे घालून आला होता, त्यामुळे मणाची फांदीही त्यांच्या हातात मांजरासारखी गरीब व्हायची. कप्पी खोलीच्याच बाजूला असल्यानं लटकलेलं लाकूड आपसूक खोलीकडे झुकायचं. ते मोकळ्या परसाकडे ओढून धरायचं, हे मामांचं काम. लाल चौकोनाच्या बाहेर, लांब परसाच्या फाटकाजवळ मामा उभे होते. दर फांदीआधी यजमान मामांच्या मागे येऊन उरलेल्या दोराचं काहीतरी करून जायचे. वेटोळं नीट लावत असावेत, असं मामांना वाटलं.

"टापटीप माणूस!" मामा मनात म्हणाले.

पाच फांद्या उतरल्या. पाचही फुलासारख्या! एव्हाना बाहेर कुंपणाच्या भिंतीवर सगळी गल्ली जमली होती. हेडमास्तर तर खुर्ची घेऊन आले होते. मामांना काय वाटलं सांगू? एकतीस वर्षं ते काळोख्या कोपऱ्यात उभे होते. टाळ्या ऐकल्या, पण टाळ्या वाजवणारे कधी दिसले नाहीत, आणि त्यांनाही मामा कधी दिसले नाहीत. आज मात्र समोर माणसं होती, ऊन होतं, हातात दोर होता. मामांचा ऊर भरून आला.

सहावी फांदी सगळ्यात मोठी. बरोबर शिलाईच्या खोलीच्या डोक्यावर. मामी हेडमास्तरांच्या व्हरांड्यात मशीनवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"खाली मोकळं?"

"मोकळं!"

करवत घरघरली. कट्! फांदी सुटली, कप्पीवर लटकली, मामांनी अल्लाद परसाकडे ओढून धरली. यजमान तसूतसूनं सोडू लागले. कौलं वाचली! पन्हळ वाचली! फांदी खिडकीच्या उंचीपर्यंत आली, एकाही कौलाला न शिवता, आणि हेडमास्तरांना राहवलं नाही. खुर्चीतून उठून ते ओरडले, "वा! शाब्बास!" आणि त्यांनी टाळी वाजवली. त्यांच्यामागून सगळ्या भिंतीनं टाळ्यांचा कडकडाट केला!

झालं! टाळ्या कानांवर पडल्या, आणि मामांचे हात मामांना न विचारता सुटले! एकतीस वर्षांत उशीर झाला नव्हता, तो आजही झाला नाही. सर्रर्र करून दोर हातमोज्यांतून धावला आणि मामा मान खाली घालून पडदा जमिनीला टेकायची वाट बघू लागले!

"अहो!" मामींची किंकाळी आली.

मामांनी वर पाहिलं. फांदी झोका घेऊन थेट खिडकीवर निघाली होती. अठरा वर्षांची खोली, नवीन घातलेली कौलं, आणि बहिणीकडे जाणारी बॅग, सगळं मामांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी डोळेच मिटले.

धप्प असा एक आवाज झाला. पण काच नाही, कौल नाही, काही नाही!

"कुणी हलायचं नाही!" वरून ताईंचा आवाज. त्यात घाबरल्याचं नावसुद्धा नव्हतं.

मामांनी एक डोळा उघडला. फांदी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली होती, मामांचा दोर सतारीच्या तारेसारखा ताणलेला होता, आणि तो धरलेला तर कुणीच नव्हता! फक्त फांदीचा पाल्याचा शेंडा उघड्या खिडकीतून आत डोकावत होता.

"मामा, दोर धरा. सावकाश मागे ओढा," ताई म्हणाल्या.

मामांनी दोर ओढला. शेंडा हळूहळू खिडकीबाहेर आला. आणि त्याच्याबरोबर आला खिडकीचा फुलाफुलांचा पडदा! पालवीत असा अडकला होता, की दांडीसकट बाहेर येऊन परसात पडला.

मामी तरातरा लाल दोरीपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या, कारण ताईंचा नियम. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"नाट्यगृहात एकतीस वर्षं रोज पाडलात. घरातला एक काढून द्या म्हणून मी जीव आटवला, तेव्हा आज काढलात होय!"

भिंतीवरचे लोक पोट धरून हसले. हेडमास्तर खुर्चीत मावेनात.

ताई खाली उतरल्या. मामांनी मान वर न करता विचारलं, "ताई, माझ्या हातून दोर सुटला. मग फांदी थांबली कशानं?"

यजमानांनी बोट दाखवलं. मामांच्या मागे, फाटकाच्या लोखंडी खांबाला दोराचं टोक पक्क्या गाठीनं बांधलेलं होतं. फांदी फार तर भिंतीच्या वीतभर अलीकडे पोचेल, एवढीच ढील ठेवून.

"हे या फांदीच्या वेळी बांधलंत?"

"पहिल्या फांदीपासून," यजमान म्हणाले. त्यांना दुसरे शब्दही येत होते!

मामांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तुमचा?"

"मामा, माझा माझ्यावरसुद्धा नाही," ताई हसून म्हणाल्या. "म्हणून तर मला दोन पट्टे. हात तुमचा चांगलाच आहे. पण चांगला हातसुद्धा एखाद्या वेळी सुटतो. तुमचा का सुटला?"

मामांनी टाळ्यांचं सगळं खरं सांगून टाकलं. ताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. तुम्ही काय काम करायचात ते मी ऐकलं, पण कशावर दोर सोडायचात ते विचारलं नाही. यापुढे विचारीन."

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. मोठमोठे नट पाहिले होते त्यांनी, पण फांदी स्वतः सांभाळून वर दुसऱ्याच्या चुकीतला वाटा उचलणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचे डोळे पाणावले, आणि ते त्यांनी हेल्मेटच्या पट्ट्यावर ढकललं.

आता राहिला होता नुसता सरळ सोट. त्याला बाजूला ओढायची गरज नव्हती, त्यामुळे मामाही लाल दोरीबाहेर मामींच्या शेजारी येऊन उभे राहिले. ताई पुन्हा वर गेल्या, कप्पी कापायच्या जागेखाली खोडालाच बांधली, दुसरा पट्टा घातला आणि हाक दिली.

"खाली मोकळं?"

"मोकळं!"

पण करवत सुरू झाली नाही. ताई वरून वाकून बघत होत्या.

"आणि मामांचे हात?"

"माझ्याकडे आहेत!" मामी ओरडल्या. दोन्ही हात त्यांनी गच्च धरून ठेवले होते. "चालू दे तुझं!"

सोटाचा पहिला तुकडा सुटला, कप्पीवर डोलला आणि तसूतसूनं खाली येऊ लागला. भिंतीवरून पुन्हा टाळ्या कडाडल्या. मामांची बोटं मामींच्या मुठीत वळवळली.

"अगं, सोड ना! निदान ताईंसाठी मला टाळ्या तरी वाजवू दे!"

"वाजवा की," मामी मूठ आणखी आवळत म्हणाल्या. "लाकूड जमिनीला टेकलं, की वाजवा."