गोंगाट काढला आहे

"आमची चंद्रभागा महाडच्या वाचनालयात गाते!" गोमाजीने साऱ्या कुडपण गावात सांगून ठेवलं होतं. बायको जाऊन वर्ष झालं होतं. पण त्याआधी वाचनालयाच्या श्रुतिकाबाईंनी घरी येऊन तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. शेजारी बसून गोमाजी मध्ये मध्ये बोलत होता. दोघांचा एकत्र आवाज जगात तेवढाच उरला होता.

आज तो ऐकवायला त्याने शेजारच्या भागोजीला एसटीत घातलं.

"कधी आवाज चढवून बोलली नाय रे मला!"

भागोजी खिडकीबाहेर बघत राहिला. दोघांच्या घरांत भिंत एकच होती.

वाचनालयात श्रुतिकाबाईंनी बटण दाबलं. चंद्रभागा गायली. पण कशी! जात्याची घरघर नाही, बांगड्या नाहीत, खोकला नाही. कल्हई केलेल्या पातेल्यासारखा चकचकीत आवाज!

"आनि मी कुठं हाय?"

"आजोबा, एआयने रेकॉर्डिंग साफ केलंय." त्यांनी पडद्यावरचं वाचून दाखवलं, "काढलेला गोंगाट : जाते, कोंबडी, पुरुष."

गोमाजी ताडकन उठला. "कोंबडीच्या मागं नंबर लावला माझा! संसार केला मी तिच्यासंगं! नि ह्यो डबा मला केरासारखा झाडून टाकतो? कुनाला इचारून?"

"तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलंच आमचं. पण मूळ रेकॉर्डिंग पुसलेलं नाही."

"मंग लावा! मोठ्यानं लावा! सगळ्यांना कळू दे!"

पेपर वाचणारे पेपर टाकून गोळा झाले.

जातं घरघरलं. बांगड्या वाजल्या. ती खोकली, आणि गोमाजीचे डोळे भरून आले. मग त्याचाच आवाज आला : "अगो, ती लेकीची म्हन! जोरात म्हन! बाई, चाय घेनार काय? अगो, दूध हाय ना?"

जातं थांबलं.

"आवो, गप बसा की जरा! सारा जलम नुसता गोंगाट!"

वाचनालयात खसखस पिकली. भागोजी म्हणाला, "गोम्या, मशीनची काय चूक रे? तुझ्या बायकोचंच ऐकलं त्यानं!"

"आजोबा," श्रुतिकाबाई हसू दाबत म्हणाल्या, "लोकांना हेच ऐकवू. साफ केलेल्यावर 'यंत्राने बदललेले' अशी चिठ्ठी लावू. चालेल?"

गोमाजीने मान हलवली आणि खुर्ची स्पीकरजवळ ओढली.

"पुन्यांदा लावा," तो हळूच म्हणाला. "आता मी मधी बोलत नाय."