एका घराला दहा किलो

अनसाकाकी डब्याचं झाकण काढते, कोपरापर्यंत हात आत घालते, मूठभर धान्य वर काढून तळहातावर पसरते आणि तुमच्या घरात काय चाललंय ते चारचौघांत सांगते.

"मास्तर, वैनी माहेरी गेल्यात वाटतं," एकदा मला म्हणाली. खरंच गेली होती, त्याच सकाळी. मी तोंडाकडे बघत राहिलो, तर म्हणते, "गव्हात खडे तसेच हायत. वैनींच्या गव्हात खडा नाय सापडत."

कर्जतजवळ दहिवलीत तिची पिठाची गिरणी आहे. पत्र्याचं छप्पर, एक चक्की, एक वजनकाटा आणि दारासमोर ओळीने लावलेले लोकांचे डबे. नवऱ्यामागे ती एकटीच गिरणी चालवते. पापण्यांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर सदा पीठ. कुणाच्या दळणात सोयाबीन आणि मेथी आली की तिला त्या घरातला साखरेचा आजार कळतो. कुणाचं पाच किलोचं दळण तीनवर आलं की विचारते, "पोरगा येगळा राह्यला गेला का गं?" असं विचारल्यावर एक बाई गिरणीतच रडायला लागली होती. म्हणून काही लोक स्वतः न येता शेजाऱ्याच्या हाती डबा पाठवतात. उपयोग होत नाही. ती शेजाऱ्याला सांगते.

दळण काट्यावर ठेवलं की तिचा एकच प्रश्न असतो, "खाणारी तोंडं किती?" मोजून आठवड्याचंच दळायचं, हा तिचा हट्ट. पीठ ताजं खायचं असतं, साठवायचं असतं ते धान्य. हे ती वीस वर्षं ओरडून सांगतेय. ओरडतेच, कारण चक्की चालू असताना साधं बोललेलं ऐकू येत नाही, आणि आता सवयीने चक्की बंद असतानाही ओरडते.

आता त्या आठवड्याबद्दल सांगतो. आठवलं की अजून सगळ्यांवर माझं डोकं फिरतं, आणि त्या सगळ्यांत मीही आलो.

दूर कुठेतरी हल्ला झाला होता. माणसं गेली होती. टीव्हीवर दिवसभर नकाशे, बाण आणि सायरनचे आवाज. कर्जत स्टेशनवर पोलीस वाढले, पिशव्या उघडून बघायला लागले. ते योग्यच होतं. त्यांनी त्यांचं काम केलं. आपलं काम मात्र कुणी केलं नाही. आपलं काम होतं शांत बसणं.

पहिल्या दिवशी मीठ संपलं. समुद्र इथून फार लांब नाही, तरी संपलं. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या, तेल आणि का कोण जाणे, टूथपेस्ट. पेट्रोल पंपावरची रांग रस्त्यावर आली. पळसदरीच्या बंगलेवाल्यांनी मुंबईहून गाड्या भरभरून सामान आणलं. ते बघून आम्ही घाबरलो, आणि आम्ही रांगा लावलेल्या बघून ते घाबरले. ज्यांचं हातावर पोट, रोजची मजुरी रोज घेऊन जे पावशेर तेल विकत घेतात, ते संध्याकाळी दुकानात आले तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या. त्याबद्दल कुणाच्याही मोबाईलवर काही आलं नाही.

मोबाईलवर काय यायचं ते आमच्या पाटकरांकडून यायचं. पाटकर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, माणूस तसा चांगला, पण हातात सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. 'तीन दिवस वीज बंद राहणार, गिरण्या चालणार नाहीत, पीठ करून ठेवा. काळजी घ्या, घाबरू नका.' हे त्यांनी इतक्या वेळा पाठवलं की सगळे नीट घाबरले.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. सीमा कर्जतपासून किती लांब आहे हे दरवर्षी नकाशावर काठी ठेवून मुलांना दाखवतो. तोच मी शनिवारी सकाळी तीस किलो गहू स्कूटरवर बांधून गिरणीत गेलो. घरात आम्ही दोघं. बायको, सुलभा, म्हणाली होती, "एवढं कशाला?" मी म्हणालो, "तुला परिस्थिती कळत नाही."

गिरणीसमोर जत्रा होती. चाळीस-पन्नास डबे, त्यात गोण्या, त्यात कुणाचं तरी पाण्याचं पिंप धान्याने भरलेलं. अनसाकाकीने खडूने पत्र्यावर लिहिलं होतं, 'एका घराला १० किलो.' आणि दारात उभी राहून एकेकाला झोडपत होती.

"किती हाय?"

"पन्नास," पाटकर म्हणाले.

"खाणारी तोंडं?"

"चार. पण काकी, परिस्थिती..."

"परिस्थितीला अळ्या पडतील पाटकर, पंधरा दिवसांत. दहा घ्या, न्हायतर गोणी उचला."

"जास्तीचे पैसे देतो ना."

"पैशाने पीठ टिकतं का?"

माझा नंबर लागायच्या आत मी वीस किलोची गोणी स्कूटरच्या मागे ढकलली आणि दहाचा डबा पुढे ठेवला. तिने बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बारा वाजायच्या सुमाराला वीज गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, दर दोन दिवसांनी जाते, पण त्या दिवशी चक्की घरघरत थांबली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि कुणीतरी म्हणालं, "सुरू झालं."

त्या शांततेत आवाज आला. टक. मग परत, टक.

ओळीच्या टोकाला उन्हात एक डबा होता. तेलाचा जुना पत्र्याचा चौकोनी डबा, वर फडकं बांधलेलं, बाजूने तार बाहेर आलेली. बाकीच्या डब्यांवर ऑइलपेंटने नावं होती, त्याच्यावर काही नव्हतं.

"हा कुणाचा?" पाटकरांनी विचारलं. कुणाचाच नव्हता. "वायर आहे बघा त्याला," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

पुढचं फार पटकन झालं. एका बाईच्या हातून पीठ सांडलं, त्यावरून एक जण घसरला, आणि अर्ध्या मिनिटात सगळी दहिवली रस्त्यापलीकडे होती. मीही होतो. पळताना मी माझा डबा उचलून घेतला होता. दहा किलोचा डबा घेऊन पन्नाशीचा माणूस इतका जोरात पळू शकतो हे मला माहीत नव्हतं.

पाटकरांनी पोलिसांना फोन लावला. येतो म्हणाले, तोवर हात लावू नका म्हणाले. तिथे थांबलो असतो तर काही बिघडत नव्हतं. पण पाच मिनिटं गेली, दहा गेली, आणि लोकांना धीर धरवेना. डबे पलीकडे अडकले होते. कुणीतरी म्हणालं, लांबून काठीने ढकलून बघू. मग पाटकर आमच्या सोसायटीच्या वॉचमनकडे वळले. शंकर त्याचं नाव, खालापूरच्या बाजूचा, चाळिशीचा माणूस. त्यांचीच गोणी उचलायला आला होता.

"शंकर, तू जरा बघ रे. लांब काठी घे."

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. हे मी इथे मुद्दाम लिहितोय. शंकरने आमच्याकडे एकदा बघितलं, "जातो साहेब," म्हणाला, आणि कुंपणाची काठी उपसली.

अनसाकाकी अजून गिरणीच्या दारातच उभी होती. ती पळालीच नव्हती. शंकर रस्ता ओलांडून आला तशी ती पुढे झाली आणि त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"तू मागं हो."

"काकी, साहेबांनी..."

"मागं हो म्हनते ना."

काठी तिने टाकून दिली. डब्यापाशी गेली, खाली बसली, फडक्याची गाठ सोडली आणि नेहमीसारखा कोपरापर्यंत हात आत घातला. मूठ वर आली तेव्हा बोटांमधून लालसर दाणे गळत होते.

"नाचणी हाय," ती म्हणाली. चक्की बंद असल्यामुळे ते रस्त्यापलीकडे स्वच्छ ऐकू आलं. ती तार म्हणजे डब्याची कडी होती. उन्हाने पत्रा तापून टकटकत होता.

लोक खाली माना घालून परत येत होते, तेवढ्यात डोक्यावर रिकामी पाटी घेऊन बुधीबाय आली. माथेरानच्या पायथ्याशी ठाकूरवाडी आहे, तिथली म्हातारी. सकाळी सातला डबा नंबरात ठेवून ती स्टेशनवर करवंदं विकायला गेली होती. नंबरात डबा ठेवून जायचं हे गिरणीत सगळेच करतात. तिथले निम्मे डबे तसेच ठेवलेले होते.

पाटकरांना लाज वाटायला हवी होती. तिचा त्यांना राग आला. "डबा असा टाकून जातात? नाव घालता येत नाही? राहतेस कुठे? आधार कार्ड आहे का जवळ?"

बुधीबायला काहीच कळेना. "नंबरात ठेवला हुता बाय," ती काकीला म्हणाली. "गेला का नंबर माजा?"

"नाय गेला," काकी म्हणाली. "तुजाच हाय आता."

मग पाटकरांकडे वळली. ओरडली नाही. तिला इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"पाटकर, तिला लिवता येत नाय म्हनून नाव नाय. तुमाला लिवता येतं, तर तुमी चार दिवस काय लिवताय ते बघितलं मी. अख्खं गाव पळवलंत. हिच्या घरी सहा तोंडं, डब्यात चार किलो. तुमच्या घरी चार तोंडं, गोणीत पन्नास. तुमी तिला कार्ड इचारता?"

पोलीस आले, बघून हसले, पाणी प्यायले आणि गेले. वीज आली. काकीने चक्कीत पहिली बुधीबायची नाचणी घातली. ती दळून होईपर्यंत कुणालाही आत येऊ दिलं नाही. मग दारात येऊन सांगितलं, "आपापले डबे उचला. आज दळायची नाय मी कुणाचं." काही लोकांनी विनवण्या केल्या, काहींनी तक्रार करू म्हणून सांगितलं. तिने दाराला फळी लावली.

लोकांनी मग कर्जतातल्या दुसऱ्या गिरण्या गाठल्या. पाटकरांनी पन्नासच्या पन्नास किलो दळून आणले. पुढे तीन दिवस काय, तीन तासही वीज सलग गेली नाही. जून लागला, हवा दमट झाली, आणि सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात पिठाच्या पिशव्या दिसायला लागल्या. पांढऱ्याशुभ्र पिठात अळ्या वळवळत होत्या. त्या पिशव्या शंकरने उचलल्या.

पण त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलंय.

सगळे गेल्यावर मी एकटाच मागे उरलो होतो, कारण माझी वीस किलोची गोणी स्कूटरवर चढत नव्हती. फळीच्या फटीतून काकीने हाक मारली.

"मास्तर, जरा आत येता?"

ती स्टुलावर बसली होती. हातात पाण्याची बाटली होती. "हे झाकण काढा," म्हणाली. झाकण घट्ट नव्हतं. तिचे हात कापत होते, कोपरापासून खाली, पिठाने पांढरे झालेले हात.

मी बाटली उघडून दिली. ती थोडं प्यायली, थोडं अंगावर सांडलं.

"काकी, डबा बुधीबायचा आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"नाय वो. ती ठेवून गेली तवा मी आत चक्कीचा पट्टा बघत हुते. मला वाटलं, असंल."

"काय असेल?"

"तेच. तुमाला जे वाटलं ते."

"मग पोलीस येईपर्यंत थांबायचं. शंकरला नुसतं अडवलं असतं तरी चाललं असतं."

"त्याला अडवला असता तर दुसऱ्या कुणाला धाडला असता. पाटकर काय सोता जात नव्हता." तिने तोंड पुसलं. "शंकरला दोन पोरी हायत. तुमची वैनी हाय. पाटकरचीबी म्हातारी आई हाय घरात. मी घरी गेले नाय तर कुणाला कळायचंबी नाय, मास्तर. गिरणी बंद दिसली, तर लोक म्होरच्या गिरणीत जातील."

हे ती रडून सांगत नव्हती. दळणाचा हिशोब सांगावा तसं सांगत होती.

"असं कसं," मी म्हणालो. "मी आलो असतो ना बघायला."

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर ठेवलेल्या माझ्या डब्याकडे.

"तुमी तर डबा घेऊन पळालात," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. दिवसभर सगळ्यांवर होता, माझ्यावर नव्हता. तिचे हात कापायचे थांबले तशी ती उठली, माझा डबा आत ओढला आणि चक्की सुरू केली.