मीठ कुठल्या हाताला?

"ओ ताई, कपाटातून कुठं चाललात?"

नानांची आणि माझी ओळख या वाक्याने झाली. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत समोरचा फ्लॅट बरेच दिवस रिकामा होता. एकदा दार उघडं दिसलं म्हणून मी आत डोकावले, दोन पावलं टाकली, तर पांढरी टोपी घातलेला एक उंच, मिशाळ माणूस प्लास्टिकच्या खुर्चीतून ओरडला. खोलीत कपाट नव्हतं. त्या खुर्चीशिवाय काहीच नव्हतं. फरशीवर फक्त पांढऱ्या फक्कीच्या रेघा होत्या. द्राक्षबाग लावताना रांगा आखायला टाकतात, तीच फक्की.

"मागं फिरा. दार तिकडं हाय."

मी मुकाट्याने मागे फिरले आणि दोन रेघांमधल्या फटीतून आत आले. "आता बसा सोफ्यावर," नाना म्हणाले. मी फरशीवर बसले.

नाना निफाडकडचे द्राक्षवाले. त्यांनी फ्लॅट घेतला, रीतसर इंटिरिअर डिझायनर लावली, पण तिने दाखवलेल्या रंगीत चित्रांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदावरचा बाग लय गोड असतो," असं म्हणायचे आणि चित्रातली प्रत्येक वस्तू खऱ्या मापात फरशीवर आखून काही दिवस त्या आखणीत राहून बघायचे. सकाळी गावाहून गाडी घेऊन यायचे, आखलेल्या पलंगावर सतरंजी टाकून दुपारची झोप काढायचे आणि उठल्यावर फर्मान सोडायचे, "पलंग फिरवा. ऊन तोंडावर येतंय."

त्यांची डिझायनर केतकी, तिशीची मुलगी. सुरुवातीला ती माझ्याकडे चहाला यायची ती कपाळाला हात लावूनच. "मावशी, काल मला म्हणाले, देवघरात चपला घालून काय उभी राहिलीस!" पुढे मात्र तीसुद्धा वळसा घालून 'दारातून' यायला लागली. "पलंगाचं त्यांचं बरोबर होतं," ती म्हणाली, "आणि फ्रिजचं माझं." भांडणं रोज व्हायची, पण हरलेला मुद्दा दोघंही पुन्हा उकरून काढत नसत. एवढं शहाणपण मी नवरा-बायकोतही क्वचितच पाहिलं आहे.

बिनसलं ते स्वयंपाकाच्या ओट्यावरून. केतकी दुसऱ्या कामासाठी पुण्याला गेली होती. इकडे नानांनी द्राक्षाचे क्रेट एकावर एक रचून ओटा केला, त्याच्याशी उभं राहून हवेतल्या हवेत भाकऱ्या थापल्या आणि त्यांची कंबर भरून आली. लगेच गवंड्याला परस्पर सांगून टाकलं, "चांगला वीतभर वर घे." केतकी परतली तेव्हा ओट्याच्या भिंती बांधून झाल्या होत्या. ती शेजारी उभी राहिली तर त्या तिच्या बरगड्यांपर्यंत आल्या. मी तेवढ्यात चहा घेऊन गेले. खरं सांगायचं तर आवाज ऐकूनच मी चहा टाकला होता.

"काका, इथं भाकरी कोण करणार?"

"आमची मंडळी."

"उंची केवढी काकूंची?"

नानांनी हात खांद्याशी धरला. मग छातीशी आणला. मग पुन्हा जरा वर नेला.

"बरं, मीठ कुठल्या हाताला ठेवतात?"

"आता त्ये..."

"पीठ उभ्याने मळतात की बसून?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. आमच्या ह्यांना घरात मीठ असतं एवढीच माहिती आहे, मी काय मदत करणार?

केतकीने आवाज चढवला नाही. काम थांबवून माणसांना घरी पाठवलं. "यापुढे गवंड्याशी मी बोलणार, तुम्ही माझ्याशी बोलायचं," ती म्हणाली. "आणि काय पाहिजे ते सांगू नका. काकू दिवसभर काय करतात ते सांगा. नाहीतर सरळ त्यांनाच घेऊन या."

"तिला आत्ता नाय आनायचं." नाना खुर्चीत बसले. "खुराड्यात राहनार नाय म्हनलीय ती. अर्धवट बघून एकदा नाय म्हनली का संपलं. आन तिच्याबिगर मी इथं काय करू? तिकडं बाग पोरगा बघतो, चांगला बघतो. मला कुनी काय इचारत नाय. दिवसभर बाजंवर बसायचं आन येनाऱ्या-जानाऱ्याला रामराम घालायचा."

एवढा ओरडणारा माणूस इतकं हळू बोलतो हे मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर नाना दुपारनंतरच यायला लागले. सकाळ गावी बायकोच्या चुलीपाशी जायची. पहिल्या दिवशी जिना चढता चढताच त्यांनी जाहीर केलं, "डाव्या हाताला! मीठ डाव्या, मसाल्याचा डबा उजव्या!" काकूंनी म्हणे आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्या दिवशी, "बसलेच हाये तर लसून सोला," म्हणून पुढ्यात लसणाचा ढीग टाकला. महिनाभर नानांच्या हातांना लसणाचा वास यायचा. केतकीने उंच ओटा पाडला, त्यांच्या बातम्या ऐकत ऐकत नवा बांधून घेतला.

मग एका दुपारी नाना आले ते गप्पच.

"ती चहा सगळ्यांच्या शेवटी घेती," ते म्हणाले. "मागच्या दारात, उंबऱ्यावर बसून. पार गार झालेला. मला म्हाईतच नव्हतं."

केतकी म्हणाली, "खिडकीखाली एकीपुरती बैठक करू. पाठ टेकता येईल अशी. पण काकू स्वतः येऊन बसल्याशिवाय सुताराला माप देणार नाही." नानांनी पुष्कळ टाळलं. ती हटली नाही.

शेवटी काकू आल्या. मीही बघायला गेले. बुटक्याशा, डोक्यावरून पदर. घरभर फिरल्या, पण तोंडातून शब्द नाही. नाना त्यांच्या मागून, टोपी हातात घेऊन. ओट्याशी उभ्या राहून काकूंनी सवयीने डावा हात पुढे केला, तर बरोबर तिथेच मिठाचा कप्पा. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. नाना छताचा रंग तपासत होते.

"आन इथं काय?" खिडकीखाली आखलेल्या फक्कीच्या चौकोनापाशी येऊन काकूंनी विचारलं.

"काकू, ही तुमची चहाची जागा," केतकी म्हणाली. "एकटीला निवांत बसता येईल."

"एकटीला?" काकू तिथेच फरशीवर टेकल्या. "एकटी घेत व्हते मी. आता ह्ये रोज येऊन बसत्यात माझ्यापाशी. ह्यांनी काय उभ्यानं प्यायचा?"

केतकीने टेप काढली.

"दोघांचं माप घे, पोरी. आन ह्यांचा उजवा गुडघा मुडपत नाय, त्या अंगाला पाय पसरायला जागा ठेव. सांगायचे नाय ते कुनाला, पन लय दुखतो."

नाना काहीतरी बोलायला पुढे झाले, पण तसेच गॅलरीत निघून गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. टोपीने डोळे पुसत होते हे आम्हाला तिघींनाही दिसत होतं.

"आवं, या की," काकूंनी हाक मारली, "माप द्यायचंय."

नाना आले आणि उजवा पाय पसरून, काकूंच्या शेजारी, जरा अवघडून बसले.