गावंडे काकांचा बशीवाला

आमच्या शेजारचे गावंडे काका जपानी सिनेमा वऱ्हाडीत पाहतात. टीव्हीचा आवाज बंद करतात, पडद्याशेजारी उभे राहतात आणि सगळ्यांचं बोलणं स्वतः बोलतात. म्हातारीचं, कोल्हिणीचं, झाडांचंसुद्धा.

काकांनी पुसदच्या बसस्टँडवर सगळी नोकरी गाड्या पुकारण्यात घालवली. आवाज असा, की घरात नुसतं "चहा झाला" म्हणाले तरी गल्लीतली चार माणसं पिशव्या उचलून निघायची.

माझी मुलगी मृणाल नागपूरला कॉलेजला गेली तेव्हा तिनं त्यांना एक पेनड्राइव्ह देऊन ठेवला होता. त्यात हा कार्टूनचा सिनेमा. जपानच्या जुन्या गोष्टींमधला एक जीव नदीत राहतो. पाठीवर कासवासारखं कवच, डोक्यावर पाण्यानं भरलेली बशी. बशीतलं पाणी संपलं की तोही संपला. नदीत कारखान्याचं रंगीत पाणी यायला लागतं, त्याचे सगळे सोयरे निघून जातात आणि हा एकटा उरतो. काठावरची एक म्हातारी त्याला रोज काकडी देते. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं.

"ते इंग्रजी म्हंजे नॉनस्टॉप गाडी हाय बाप्पा," काका मला म्हणाले. "वाचतो वाचतो तं निघून जाते."

म्हणून त्यांनी आपलेच संवाद घातले. त्यांची कोल्हीण कारखानदाराला विचारते, "काहून रे, नदी तुह्या बापाची हाय काय?" आणि जंगलातल्या भुतांची सभा भरली की काका छाती भरून पुकारतात, "डोंगरातल्या समस्त भुतांनी इकडे लक्ष द्यावं!"

हळूहळू हा बशीवाला त्यांच्या घरचाच झाला. एकदा पूस नदीच्या पुलावर एक माणूस स्कूटर थांबवून निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी पाण्यात टाकायच्या बेतात होता. काकांनी त्याचं मनगट धरलं. "खाली कोनी राह्यते!"

त्या माणसानं घाबरून वाकून पाहिलं. "कोन?"

"तुले कायले पाह्यजे? राह्यते म्हनलं ना!"

पिशवी परत स्कूटरला लटकली.

सिनेमाला प्रेक्षक एकच, गावंडे काकू. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली आहे, उजेड तेवढा कळतो. दर रविवारी दुपारी त्या पलंगावर मांडी घालून बसतात आणि योग्य जागी हसतात.

दिवाळीच्या सुट्टीत मृणाल आली, तिला घेऊन मी रविवारी काकांकडे गेले. खेळ रंगला. शेवटी काका म्हणाले, "अन् म्हातारीनं आपल्या माठातलं पानी त्याच्या बशीत ओतलं. बशीवाला उठून बसला अन् चालला आपल्या घरी!"

पडद्यावर मात्र म्हातारी एकटीच काठावर बसली होती. रिकामी बशी तिच्या मांडीवर होती.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि काका आत पळाले. काकूंची नजर गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात.

मृणाल न राहवून कुजबुजली, "काकू, शेवट असा नाहीये. तो..."

"मरते," काकू म्हणाल्या. "मले माहीत हाय."

मृणाल पलंगाजवळ सरकली.

"पयल्या खेपेले हे शेवटाशी आले अन् गप झाले. लय वेळ. गाडी कितीबी लेट झाली तरी हा मानूस असा गप नाही राह्यला कधी. मंग घसा खाकरला अन् माठातलं पानी आनलं." त्यांनी चाचपत मृणालचा हात धरला. "त्याहिले सांगू नको वो पोरी. त्याहिले वाटते, मले पटलं."

काका पंच्याला हात पुसत बाहेर आले. "काय खुसुरपुसुर चालू हाय?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "पोट्टी इचारून राह्यली, घरी गेल्यावर मंग काय झालं?"

काका थबकले. टीव्ही केव्हाच काळा झाला होता. ते काकूंशेजारी पलंगावर बसले आणि पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात सांगू लागले, "घरी ना, त्याची बायको दारातच उभी होती..."