घडीची गाडी आणि लेखी परवानगी

झुलालचा फोन सोमवारी सकाळी आला तेव्हा लोटन नाना दाढी करत होते. दोघांमध्ये अकरा वर्षं एक शब्द झाला नव्हता. त्यामुळे त्यांच्या बायकोनं, बेबाबाईंनी, नाव ऐकलं आणि पुसायचीही वाट न बघता फोन नानांच्या साबण लावलेल्या गालाला चिकटवला.

"लोटन, मी झुलाल बोली ऱ्हायनू. शनवारी पुनाले जाई ऱ्हायनू, पोऱ्याकडे. डोयाना इलाज शे. डाक्टर म्हनस, पुढे किती दिसी ते सांगता येत नही. जावाना पहिले तुले एक डाव देखनं शे."

नानांनी फोनवरचा साबण पुसला. मग म्हणाले, "गुरुवारी येतो."

दोघे धुळ्याजवळच्या एकाच गावचे, एका बाकावर शिकलेले. झुलाल पुढे सासऱ्यांची केळी सांभाळायला सावद्याला गेला आणि लोटन एसटीत लागला. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना नाना तपासणी पथकात होते. एक दिवस त्यांनी धुळ्याकडे येणारी बस अडवली. टपावर केळीचे चार घड होते आणि त्यांचं सामानाचं तिकीट नव्हतं. घड झुलालचे होते. भाचीच्या लग्नाला निघाला होता आणि शेजारी त्याचे व्याही बसले होते. नानांनी घड रस्त्यावर उतरवायला लावले. "नियम सगळ्यांना एकच," एवढंच ते म्हणाले. झुलाल घडांसोबत खाली उतरला, तो तिथून पुढे नानांशी बोललाच नाही.

आता त्यानं आपणहून बोलावलं होतं, आणि नानांना तिथं नीट जायचं होतं. नीट म्हणजे स्वतःच्या गाडीवर.

ही गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी, घडी होणारी छोटी स्कूटर. नानांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर बर्लिनला नोकरी करणाऱ्या मुलानं, स्वप्नीलनं, ती घरपोच मागवून दिली होती. तिला बसायला एवढंसं आसन होतं, आणि घडी केली की ती बॅगेसारखी चाकांवर ओढता यायची. धुळ्याच्या देवपुरात नाना तिच्यावरून दूध आणायला जात तेव्हा लोक थांबून बघत. सावद्याच्या स्टेशनवर उतरायचं, घडी उलगडायची आणि कोणाची मदत न घेता झुलालच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"बसमा बसा अन जा," बेबाबाई म्हणाल्या.

"बसमध्ये बॅटरीच्या गाडीसाठी नियम नाही. मी शोधलं. त्याचे घड उतरवले आणि आता मीच बिननियमाची गाडी घेऊन बसू?"

"मग गाडी घरी ठेवा."

नाना कागद-पेन घेऊन बसले. मंगळवारी त्यांनी रेल्वेला रीतसर अर्ज पाठवला आणि संध्याकाळी स्वप्नीलला फोन लावला.

"नाना, हे एकेका गावाचं वेगळं आहे," स्वप्नील म्हणाला. "इथे बर्लिनच्या मेट्रोत आता बंदी आहे. बॅटरी पेटायची भीती. लंडनमध्ये आधीपासूनच बंदी, बार्सिलोनातही. पण इथल्या लांबच्या गाड्यांत घडी करून, सामान म्हणून चालते. तुम्हाला कुठे जायचंय?"

"सावद्याला."

"मग उचला आणि बसा ना, नाना."

नानांनी ते ऐकलं नाही. त्यांनी वहीत देशवार रकाने आखले आणि बुधवारचा सगळा दिवस फोनवर नियम शोधून ते भरले. गुरुवारी अर्जाचं उत्तर आलं नाही, म्हणून झुलालला 'उद्या' असं कळवलं. शुक्रवारीही आलं नाही, तेव्हा पुन्हा 'उद्या' असं कळवलं; झुलाल शनिवारी दुपारीच निघणार होता.

"तुमले भेटाले जावानं शे का परीक्षा देवाले?" बेबाबाईंनी विचारलं. शनिवारी सकाळी त्यांनी पुतण्याला, किरणला, बोलावून घेतलं आणि नानांना गाडीसकट त्याच्या पिकअपमध्ये बसवून दिलं. किरणला जळगावात काम होतं.

"काका, सावद्यालाच सोडतो की," जळगाव आल्यावर किरण म्हणाला. "तासाभराचा तर रस्ता आहे."

"स्टेशनवर सोड. तिथून मी रेल्वेनं जाईन."

किरणनं पुन्हा विचारलं, नानांनी पुन्हा नाही म्हटलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना तो क्षण आठवत राहिला: पिकअपचं उघडं दार, आत रिकामी सीट आणि घड्याळात सव्वादहा.

सावद्याला थांबणारी पॅसेंजर साडेअकराला होती. नानांनी तिकीट काढलं. फलाटाच्या दारात दिपमाला नावाची तिकीट तपासनीस उभी होती. तिनं तिकीट बघितलं, स्कूटर बघितली आणि बाजूला सरकून वाट दिली.

नाना पुढे सरकले नाहीत. "ही बॅटरीची गाडी आहे."

"घडी होते ना, बाबा? मग करा घडी अन बसा."

"तसं लिहून द्या."

"मी काय लिहून देऊ? मी तर जा म्हणतेय."

"आज तुम्ही जा म्हणता. मध्येच दुसऱ्या कोणी उतरवलं तर? मी तीस वर्षं लोकांना उतरवलंय."

दिपमालानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि हसू आवरत सांगितलं, "पार्सलच्या ऑफिसात विचारा मग."

पार्सलचं ऑफिस पहिल्याच फलाटावर होतं. तिथला कारकून नवीन नावाचा भला माणूस होता. "पार्सल करायची नाही, सोबत न्यायची आहे, तर इथे काय काम?" असं त्यानं एकदाच विचारलं. मग नानांचं वय बघून त्यांना खुर्ची दिली. नानांनी वही उघडली. बर्लिन वाचून झालं, लंडन झालं. बार्सिलोना चालू असताना पॅसेंजर आली आणि गेली.

"दोनची आहे अजून," नवीन म्हणाला. "साहेब आले की विचारू. तोवर ही चालते कशी ते तरी दाखवा. माझ्या वडिलांचेही गुडघे गेलेत."

नानांनी घडी उलगडून दाखवली. नवीननं ऑफिसातच एक फेरी मारली. दोन हमाल आले, मग चहावाला आला, मग दिपमालाही डोकावली. जो येई तो विचारी, बाहेरच्या देशात ही रेल्वेत चालते का? नाना प्रत्येकाला फोनवर मूळ नियम काढून दाखवत होते. इतकं मन लावून ऐकणारे लोक त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच भेटले होते. दोनची गाडी लागल्याचं दिपमालानं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब येतीलच एवढ्यात."

तीनच्या सुमारास फोनची बॅटरी संपली. स्कूटरची मात्र भरलेली होती. नवीननं फोन चार्जिंगला लावून दिला.

साहेब चारनंतर आले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आजोबा, तुम्हाला कोणी अडवलंय का?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"कोणी अडवू नये असं लिहून हवंय."

"कोणी अडवतच नाही, तर ते मी कसं लिहू?"

इथे नानांचा तोल गेला. ते ऑफिसाच्या दारात उभे राहिले, एका हातात वही, दुसरा हात वर, आणि नियम नसणं हे नियम चुकीचा असण्याहून कसं वाईट, ते सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले. मागे पुण्याची गाडी लागली, माणसं चढली, उतरली. खिडक्यांतून लोक त्यांच्याकडे बघत होते. नानांची पाठ गाडीकडे होती. गाडी हलली तेव्हा तिच्या भोंग्यात त्यांचं एक वाक्य बुडालं, म्हणून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

शेवटी साहेबांनी एक कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि वर शिक्काही मारला. नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. पाच वाजायला आले होते.

त्यांनी चार्जिंगचा फोन सुरू केला, तेव्हा झुलालचे सात फोन येऊन गेल्याचा मेसेज आला. नाना खुर्चीत बसले. त्यांनी नंबर लावला.

"कठे शे तू, लोटन?" मागे गाडीचा आवाज येत होता. "मी तीनलोंग वाट देखी. मग पोऱ्यासंगे भुसावळले गाडीमा बसनू. शेजारीनकडे किल्ली ठेयेल शे. तू उना का च्या करी देवाले तिले सांगी ठेयेल शे."

"मी सावद्याला नाही, झुलाल. जळगावला आहे. स्टेशनवर."



"जळगाव आतेच गयं," झुलाल हळूच म्हणाला. "तठे एक डोकरा दारमा उभा ऱ्हाईसन कोनसंगे तरी भांडी ऱ्हायंता. मले तोंड दिसनं नही, आते लांबनं धुकटच दिसस. पन तो हात असा वर. मी पोऱ्याले म्हनं, देख, बठ्ठा आमना लोटनसारखा. उतरीसन देखानं मन व्हतं. मग म्हनं, लोटन आठे कसाले येई? तो मना दारले बशेल व्हई."

नानांनी वर बघितलं. समोर नवीन होता, साहेब होते, दारात दिपमाला होती. कोणालाच सगळं कळलं नव्हतं. स्कूटर उलगडलेली, ऑफिसाच्या मधोमध उभी होती.

"तूच व्हता ना रे?" झुलालनं विचारलं.

"हो."

"कागद भेटना का मग?"

"मिळाला."

"वाच."

नानांनी चष्मा लावला. "'सदर गाडी घडी केल्यास सामान समजण्यास हरकत नसावी, असे वाटते.'"

"असे वाटते," झुलाल म्हणाला आणि हसायला लागला. खूप हसला. हसता हसता त्याला खोकला आला, त्याच्या मुलानं त्याला पाणी दिलं, तेही फोनवर ऐकू आलं. नाना कान लावून ऐकत होते. ते हसणं शाळेत होतं तसंच होतं, आणि ते हसणारं तोंड त्यांना आज समोर बघायला मिळालं असतं. नुसतं मागे वळले असते तरी.

"दिवाळीले पुनाले ये," झुलाल म्हणाला. "तवलोंग डोया ऱ्हायना तर देखसू तुले."

पुण्याच्या मेट्रोत घडीची गाडी चालते की नाही, हा प्रश्न नानांच्या अगदी ओठांवर आला. त्यांनी तो गिळला.

"दिवाळीला कशाला," ते म्हणाले. "उद्याच बसतो."

पण तोवर आवाज तुटला होता, आणि झुलालनं ते ऐकलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.