दौलतरावांची झडप

आमच्या लष्कर मोहल्ल्यात कुणाच्या घरातून काळा धूर निघाला, की दौलतराव हाक न मारता थेट त्या घरात शिरत. बायका पदर सावरेपर्यंत स्वारी चुलीपुढे उकिडवी! "लाकूड भाराभर, गाळी कुठं? चूल गुदमरली की, अम्मा!" गाळी म्हणजे कानडीतला वारा. दोन लाकडं ओढून काढायची, उरलेली सैल रचायची आणि आल्या वाटेनं चालू लागायचं.

दौलतराव गिरणीत बॉयलरवर होते. आजोबा महाराजांच्या फौजेत घोड्यावर, नातू आगीवर. लाकूड किती घालायचं आणि वाऱ्याची झडप किती उघडायची, एवढंच त्यांचं शास्त्र. वारा कमी तर काळा धूर, जास्त तर सारी ऊब धुराड्यातून पसार. हे शास्त्र ते माणसांनाही लावत. माझं बायकोशी वाजलं, तेव्हा म्हणाले, "झडप स्वल्प उघडा, अप्पा. बोलू द्या तिला." मी उघडली. ती अजून मिटलेली नाही.

स्वतःच्या चुलीवर तर त्यांनी पत्र्याचं धुराडं बसवून त्याला झडप लावली होती. त्यांच्या स्वयंपाकघरात धूर औषधालाही सापडत नसे.

मग त्यांची कृष्णी तान्हं मूल गमावून माहेरी आली. तिचे डोळे भरले, की आई, सोनाबाई, दटावायची, "साकू गं, पुरे! रडून का परत येतंय?" इतर घरांत लेकीबाळी चुलीपुढे रडून घेतात आणि धुराचं नाव सांगतात. या घरात तीही सोय नव्हती. पोर मुकी होत चालली. पाहवत नसे.

एका सकाळी त्यांच्याच घरातून काळाकुट्ट धूर निघाला. मी धावलो. दौलतरावांनी धुराड्याची झडप मिटून धरली होती आणि कृष्णी चुलीपुढे हमसून हमसून रडत होती.

"अहो, उघडा की ती!" दारातून सोनाबाई खोकत ओरडल्या.

"असू दे, इरली. सरपण ओलं आहे."

सरपण खडखडीत वाळलेलं होतं. दौलतरावांचेही डोळे वाहत होते, पण झडपेवरचा हात हलला नाही.

"ओलंच आहे, वहिनी," मी म्हणालो.

सोनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग आत येऊन त्यांनी कृष्णीला कुशीत ओढलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"मेला धूर," त्या म्हणाल्या.