तारेचं घरटं

निमकरबाईंच्या घरात शिरलं की डावीकडून जायचं. शंख, सुगरणीचा खोपा, फुलपाखरांची जलरंगातली चित्रं बघत भिंतीकडेनं हॉलला वळसा घालायचा. चहा शेवटी, सूक्ष्मदर्शकाच्या पलीकडे मिळतो. मधेच सोफ्यावर टेकलात तर बाई म्हणतात, "अजून अर्धं दालन राहिलंय."

मोशीच्या आमच्या सोसायटीत बाई माझ्या शेजारी एकट्याच राहतात. एका संग्रहालयात क्युरेटर म्हणून जन्म काढला, निवृत्त झाल्या, पण सवय काही जाईना. "हात नकोत, डोळे वापरा," हे त्या सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा ऐकवतात. दुसरं पालुपद म्हणजे, "चित्र, शास्त्र आणि निसर्ग अशी तीन खाती माणसानं पाडली. कावळ्याला कुणी कळवलेलं नाही."

कावळ्याचं नाव उगाच नाही. माझं भोसरीत वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी तिथल्या झाडावरून कावळ्याचं रिकामं घरटं पडलं. सगळं तारेचं. बाइंडिंग वायर, वेल्डिंग रॉडचे तुकडे, मधे लेथवरची चकचकीत कात्रणं. आमचा फोरमन शिंदे म्हणाला, "तुमच्या मॅडमला नेऊन द्या राव, आपलाच स्क्रॅप हाय." बाईंनी ते ओंजळीत घेतलं आणि त्या आनंदात मला चक्क सोफ्यावर बसू दिलं.

तेव्हापासून एकच ध्यास. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं आणि मधोमध हे घरटं ठेवायचं. चेअरमननं "बघू, बघू" म्हणत वर्ष काढलं आणि शेवटी उन्हाळ्यातला एक रविवार दिला. बाईंनी नवी साडी घेतली.

शनिवारी दुपारी मी टेबलं हलवायला गेलो, तर बाई गॅलरीच्या दाराआड उभ्या. धूळ झटकायला घरटं बाहेर ठेवलेलं, आणि एक कावळी त्यातल्या तारा उपसून समोरच्या झाडावर नेत होती. निम्मं घरटं उसवलं होतं. मी तिला हाकलायला हात उगारला, तो बाईंनी धरला.

"अहो, उद्या प्रदर्शन आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. पण तिचे अंडी घालायचे दिवस आलेत."

एक तार अडकली होती. कावळी ओढून ओढून दमली आणि झाडावर जाऊन बसली. बाई पुढे झाल्या, बोटांनी ती तार सोडवली, वर ठेवली आणि मागे सरकल्या.

"एवढी वर्षं मी वस्तू मांडल्या," त्या म्हणाल्या, "लोक आले, बघून गेले. परत कुणी आलं नाही हो. ही सकाळपासून सारखी येतेय."

कावळी आली, तार घेऊन गेली. बाईंनी पुढची सैल करायला घेतली.